हिवाळ्यात क्लबसोबत धावावे की स्पर्धेत?
दोन वर्षे धावणाऱ्या एका सहकाऱ्यापुढे पेच आहे: पुण्यातील क्लबच्या रविवारच्या सामूहिक धावण्यावरच थांबावे, की जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनच्या 21.097 किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनमध्ये उतरावे? खर्चात तुलनाच नाही. क्लबला फार तर वर्गणी, स्पर्धेला मात्र प्रवेशशुल्क, प्रवास आणि मुक्काम. हवामानाचा मुद्दा लोक विसरतात. पुण्याच्या कोरड्या, थंड पहाटे सहज जमणारा वेग मुंबईच्या दमट हवेत, घाम वाळत नसल्यामुळे, टिकत नाही, आणि पेडर रोडचा चढ (नकाशावर तो अगदी निरुपद्रवी दिसतो) उरलेसुरले बळ काढून घेतो. क्लबमध्ये दम लागल्यास निवांत चालता येते. स्पर्धेत वेळमर्यादा असते. सातत्य आणि सोबत हवी असणाऱ्याने क्लब निवडावा; 15 किलोमीटर गप्पा मारत धावू शकणाऱ्या आणि अधिकृत वेळेची आस असणाऱ्याने स्पर्धा.