हार्नेस अकरा महिने वापरल्यावर: बेल्ट घेतला, पण हूक कुठे लावायचा?

आमचं काम सोलरचं. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या शेडवर, आणि कोल्हापूर शहरात घरांच्या गच्चीवर पॅनेल बसवायचं. मी साइट इंजिनिअर, म्हणजे ड्रॉइंग काढणारी, मीटरच्या कागदांमागे पळणारी आणि पोरांसोबत पत्र्यावर चढणारीही मीच. गेल्या वर्षी एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) सेफ्टी ऑफिसरनी गेटवरच आमचे उंचीवर काम करताना घालायचे सेफ्टी बेल्ट बघितले आणि सगळ्यांना परत पाठवलं. साडेसातशे रुपयांचे होते. कमरेचा पट्टा, खांद्यावर दोन पट्ट्या, मांडीला काहीच नाही, आणि साधी नायलॉनची दोरी. राग आला होता त्या माणसाचा. एक दिवस वाया गेला, क्रेनचं भाडं अंगावर पडलं. आता वाटतं, बरं झालं.

मग फुल बॉडी हार्नेसचे, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्या सगळं धरणाऱ्या पट्ट्यांचे सहा सेट घेतले. एक सेट टोकांना हूक असलेली दुहेरी दोरी आणि झटका शोषणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरसकट ३,४०० रुपयांना पडला. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्यातल्या निम्म्या कुठल्याही कंपनीच्या हार्नेसला लागू पडतील. घेताना बघायचं ते एवढंच: आयएस ३५२१ (भारतीय मानक) किंवा ईएन ३६१ (युरोपीय मानक) हा आकडा शिवलेल्या लेबलवर हवा. नुसता आयएसआयचा शिक्का कुणीही छापतो. त्याच्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, परवाना खरा असेल तर कंपनीचं नाव समोर येतं. आमच्या जुन्या बेल्टवर शिक्का होता, नंबर नव्हता.

आधी अंगावर कसा बसतो ते. हा भाग पुरुष लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. माझं वजन बावन्न किलो, आणि दुकानात 'फ्री साइज' हाच एक साइज. छातीचा पट्टा पूर्ण आवळला तरी खांद्याच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला घसरायच्या. पाठीची डी-रिंग, म्हणजे दोरी जोडायची कडी, दोन खांद्यांच्या मधोमध हवी, माझी पार खाली उतरायची. मांडीच्या पट्ट्यांमुळे कुर्ता बाद, जाड पँटच लागते. आणि लघवीला जायचं तर अख्खा सरंजाम उतरवायचा, तोही बायकांसाठी वेगळी सोय असलेल्या साइटवरच. त्यामुळे पहिले दोन महिने मी पाणीच कमी प्यायचे. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे किती शहाणपणाचं आहे ते डोकं ठणकायला लागलं की कळतं. शेवटी माझ्यासाठी एस साइज वेगळा मागवला, मांडीला झटकन सुटणारं क्विक रिलीज बकल असलेला. अठराशे रुपये जास्त गेले, पण दिवसाचा अर्धा तास वाचतो.

वजनाचा आणखी एक मुद्दा आहे. ॲब्सॉर्बर म्हणजे दोरीच्या मुळाशी असतं ते पाकीट. आमची पोरं त्याला 'पुडी' म्हणतात. त्याच्या आत पट्टी घडी घालून शिवलेली असते. माणूस पडला की शिवण उसवत जाते आणि झटका शोषला जातो. ईएन ३५५ या त्याच्या युरोपीय मानकाप्रमाणे त्याची चाचणी शंभर किलोच्या वजनाने करतात आणि अंगावर येणारा झटका ६ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. शंभर किलोच्या माणसाला हा साधारण त्याच्या वजनाच्या सहापट बसतो. तेवढाच झटका माझ्या अंगावर आला तर बारापट. म्हणून हलक्या माणसाने तर आणखी लहान दोरी लावावी, पडायला जागाच ठेवू नये. हे मला दुकानदाराने सांगितलं नाही, कॅल्क्युलेटरने सांगितलं.

आता प्रयोग. माहितीपुस्तिकेत 'सस्पेन्शन ट्रॉमा' असा शब्द होता. वाचून काही कळेना, म्हणून एका शनिवारी वर्कशॉपच्या चेन ब्लॉकला, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीला, मी स्वतःला टांगून घेतलं. जमिनीपासून फूटभर उंच, बाजूला स्टूल, खाली दोन जण उभे, आणि ठरलेलं की मी हात वर केला की लगेच उतरवायचं. (हे एकट्याने करू नका.) पहिल्या मिनिटाला गंमत वाटली, पोरं फोटो काढत होती. दुसऱ्या मिनिटाला छातीचा पट्टा सरकत गळ्याशी आला, कारण मी तो काखेच्या रेषेत लावला होता. तो त्याच्या चार बोटं खाली हवा होता. तिसऱ्या मिनिटाला मांड्यांच्या आतल्या बाजूने पट्टे असे रुतले की पाय आपले वाटेनात. मुंग्या, मग बधिरपणा. चौथ्या मिनिटाला हात वर केला. उतरल्यावर भिंतीला धरून उभी राहिले, घाम गार पडला होता. निश्चल लटकल्यावर पायांतलं रक्त वर यायचं थांबतं आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, हे वाक्य तेव्हा कळलं. फायर ब्रिगेडला फोन केला तरी तेवढ्या वेळात गाडी शिरोली फाट्यावरही पोचणार नाही.

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक हार्नेसला कमरेच्या दोन्ही बाजूंना ट्रॉमा स्ट्रॅपच्या छोट्या पिशव्या लावल्या. लटकल्यावर त्या उघडून आतल्या पट्ट्यांचा फासा करायचा आणि त्यात पाय देऊन उभं राहायचं. आणि काम चालू असताना लांब शिडी ट्रकमध्ये राहत नाही, शेडला लावलेली असते. मांडीचे पट्टे किती आवळायचे याचं मापही पोरांना तेव्हाच पटलं. सपाट पंजा आत गेला पाहिजे, मूठ जाता कामा नये. आधी सगळे ढिले ठेवायचे, बसताना त्रास नको म्हणून.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न समोर आला. हूक कशाला लावायचा? मला वाटलं होतं ३,४०० रुपयांत सुरक्षा घेतली. प्रत्यक्षात अर्धीच घेतली होती. दुसरी अर्धी छपरावर असायला हवी, आणि छपरावर काही नसतं.

फाउंड्रीचं शेड डोळ्यांसमोर आणा. वर पत्रा, खाली झेड पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या), त्याखाली कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे. पत्र्याच्या वरून पर्लिन दिसतही नाही. पोरं काय करायची, तर आम्हीच नुकत्याच बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या रेलला हूक अडकवायची. ती रेल पत्र्याला चार-दोन स्क्रूंनी धरलेली! पॅनेलचा भार पेलण्यासाठी ती आहे, पडणाऱ्या माणसाचा झटका पेलण्यासाठी नाही. अँकर, म्हणजे हूक अडकवायची जागा, एका माणसामागे २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टन पेलणारा असावा असं अमेरिकेतल्या ओशा या कामगार सुरक्षा खात्याचा नियम सांगतो. रेल त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. बेल्ट घातलेला, हूक लावलेला, फोटोत सगळं झकास, आणि आधार मात्र शून्य.

मग आम्ही रिजच्या (छपराच्या माथ्याच्या) बाजूने वायर रोपची आडवी लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायची तार, टाकायला लागलो. हे आपल्या मनाने करायचं काम नाही. वाळत घालायची दोरी जितकी ताणून बांधाल तितकी मधे ओला टॉवेल टाकल्यावर टोकाचे खिळे जास्त ओढले जातात. इथे टॉवेलऐवजी माणूस असतो. आमचा आधीचा अंदाज असा होता की तार जितकी ताठ तितकी मजबूत. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तो खोडून काढला आणि टोकं कैचीच्या मेन मेंबरला घेतली. एका शेडला हा खर्च सहा हार्नेसपेक्षा जास्त आला. साहेबांनी कोटेशन बघून विचारलं, "यात बेल्टचे पैसे धरलेत का?" नाही धरले, साहेब.

मंकी लॅडरवर, म्हणजे शेडच्या भिंतीला बसवलेल्या उभ्या शिडीवर, पहिले तीन महिने दुहेरी दोरी वापरली. एक हूक वर अडकवायचा, मगच खालचा काढायचा. आठ मीटरची शिडी चढेपर्यंत हे दहा-बारा वेळा होतं, आणि हूकचं वजन दर वेळी हातात. आमचे जुने फिटर मामा चौथ्या पायरीनंतर दोन्ही हूक कमरेला लावून सरळ चढायचे. "वीस वर्सं चढतोय मॅडम, ह्यो हूकच पाडंल मला." भांडण्यात अर्थ नव्हता, कारण निम्मं त्यांचं खरं होतं. आता शिडीच्या डोक्यावर बांधलेली उभी दोरी आणि तिच्यावर सरकणारा रोप ग्रॅब नावाचा चिमटा आहे. छातीच्या रिंगला लावला की माणसाबरोबर वर सरकतो, माणूस घसरला की दोरीला चावतो. मामा आता मुकाट्याने लावतात. फक्त त्यावरचा बाण वर असल्याची खात्री करा. उलटा लावला तर तो चावतच नाही, आणि दिसतो मात्र अगदी बरोबर.

घरांच्या गच्चीवर वेगळीच पंचाईत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळायला लागलं, आणि गल्लीगल्लीत कामं सुटली. खाली पापड वाळत घालता यावेत म्हणून लोकांना आठ-दहा फूट उंच स्ट्रक्चर हवं असतं, तेही कठड्याला चिकटून. त्यावर उभा असलेला माणूस कठड्याच्या वर असतो, म्हणजे कठडा असून नसल्यासारखा. हूक कुठे? पीव्हीसी पाइपला नाही, स्टीलच्या रेलिंगला नाही. आम्ही पाण्याच्या टाकीच्या आरसीसी कॉलमला स्लिंग (मजबूत पट्ट्याचा वेढा) गुंडाळतो आणि दोरी इतकी आखूड ठेवतो की माणूस कडेपर्यंत पोचूच शकत नाही.

उंचीचं गणितही इथेच येतं. दोन मीटरची दोरी, पाकीट उघडलं तर जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, पाठीच्या रिंगपासून पायापर्यंत दीड आणि वर एक मीटर शिल्लक. हूकच्या खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. दुमजली घराच्या गच्चीवरून खाली शेजाऱ्याचा पत्रा तीन मीटरवर असेल, तर पाकीट उघडायच्या आधीच माणूस पत्र्यात. तिथे पडल्यावर धरणारी दोरी उपयोगाची नाही, पडूच न देणारी हवी.

सातव्या महिन्यात एकदा उपयोग झाला. फाउंड्रीच्या छतावर काळी धूळ इतकी बसते की उजेडासाठी टाकलेला फायबरचा पत्रा आणि लोखंडी पत्रा एकसारखे दिसतात. आमच्या वायरमनचा उजवा पाय फायबरमधून मांडीपर्यंत आत गेला. दोरी आखूड होती, ताणली, तो तिथेच अडकला. खाली भट्टीचा प्लॅटफॉर्म होता. पाकिटाची शिवण उसवली नव्हती, तरी तो सेट मी बाजूला काढला. आता कुठलंही छत चढण्याआधी आम्ही आतून टॉर्च मारून फायबरचे पत्रे मोजतो आणि वरून त्यांच्यावर लाल रंगाने फुली मारतो.

तक्रारी म्हणाल तर सगळ्यात मोठी लेबलची. पाच महिन्यांत घामाने आणि उन्हाने सीरियल नंबर, उत्पादनाचा महिना, सगळं पुसलं. एका कारखान्याच्या गेटवर त्यावरून पुन्हा अडवलं. आता नवीन माल आला की पहिल्याच दिवशी लेबलचे फोटो रजिस्टरला लावून ठेवते. पट्ट्यावर मार्करने नाव लिहायचं नाही, शाईतल्या सॉल्व्हंटने धागा खराब होतो. दुसरी तक्रार हूकच्या स्प्रिंगची. फाउंड्रीची वाळू आत गेली की हूकच्या तोंडाचं झडप अर्धवट उघडं राहतं. दर शनिवारी ब्रश मारावा लागतो. मांडीच्या पट्ट्यांना पॅडिंग नावापुरतं आहे. पट्टा मात्र टिकाऊ निघाला. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायचा, सावलीत वाळवायचा. ग्राइंडरची एक ठिणगी पडून एका पट्ट्याला तांदळाएवढं कडक भोक पडलं, तो सेट भंगारात. पॉलिस्टर आहे, ठिणगीपुढे काही टिकत नाही.

पुन्हा घेईन का? हार्नेस हाच घेईन, पण साइज बघून, आणि त्याच ऑर्डरमध्ये स्लिंग, रोप ग्रॅब, ट्रॉमा स्ट्रॅपही घेईन. आणि साइटचं कोटेशन देतानाच लाइफलाइनची वेगळी ओळ टाकेन. नंतर मागितलेले पैसे मिळत नाहीत.

जुने साडेसातशेवाले सहाही बेल्ट कात्रीने कापून टाकले होते, कुणी परत घालू नये म्हणून. त्यातला एक पट्टा मामा घरी घेऊन गेले. त्यांच्या म्हशीला दावं म्हणून बांधलाय. परवा विचारलं तर म्हणाले, अजून टिकलाय.