शॉप फ्लोअरवरची मॉड्युलर ऑफिस केबिन: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

चाकणच्या एका ॲल्युमिनियम मशिनिंग शॉपमध्ये दोन लाइनच्या मधे 20 फूट बाय 10 फुटांची, साडेआठ फूट उंच केबिन बसवलेली आहे. अर्ध्या भागात शिफ्ट इन्चार्ज, प्लॅनिंग आणि मेंटेनन्सची टेबलं, उरलेल्या भागात इन-प्रोसेस तपासणी. तेवढीच दुसरी केबिन शेडबाहेर डिस्पॅचजवळ. भिंतींना 50 मिमीचं पफ पॅनेल (मधे पॉलियुरेथेनचा फोम), दोन्ही बाजूंना अर्धा मिमीचा रंगीत पत्रा, फोमची घनता 40 किलो प्रति घनमीटर. सगळ्यांच्या कोटेशनमध्ये साधारण हेच असतं, आणि पॅनेलबद्दल आमची काही तक्रार नाही. त्रास झाला तो पॅनेलला जिथे जिथे छेद गेला तिथे, म्हणजे दार, खिडक्या, केबलची भोकं, एसीचा पाइप आणि छपराचे सांधे. कोटेशनमध्ये नेमकं यांच्याबद्दलच काही लिहिलेलं नसतं.

आधी आवाज, कारण केबिन हवी असते ती मुख्यतः त्यासाठी. पफ उष्णता छान अडवतं, पण वजनाला हलकं असल्यामुळे आवाजाला तितकं चालत नाही. जवळ पॉवर प्रेस असेल तर रॉकवूलचं, म्हणजे दगडी तंतूंचं, पॅनेलच घ्यावं. ते जड असतं आणि जळत नाही. आमच्याकडे मुख्य आवाज दाबाच्या हवेने पार्ट साफ करणाऱ्या एअर गनचा, त्यामुळे पफवर भागलं, पण दाराचं काम करून घेतल्यावरच. दाराखाली 10 मिमीची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा जवळपास अर्धा टक्का. तेवढी उघडी जागा राहिली की दार कितीही जाड असो, ते 23 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. दार बंद झालं की आपोआप खाली उतरणारं रबरी सील, चौकटीला तिन्ही बाजूंनी गॅस्केट आणि चांगला डोअर क्लोजर एवढं लावल्यावर फोनवर सरळ बोलता यायला लागलं. सरकत्या खिडक्यांचं ब्रश सील आवाजासाठी काही कामाचं नाही. शॉपकडची काच फिक्स आणि लॅमिनेटेड मागा.

खिडकीच्या उंचीवर मात्र अजिबात तडजोड करू नका. फॅब्रिकेटर सवयीने साडेतीन फुटांवर तीन बाय तीनची खिडकी कापतो. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असते, त्यामुळे त्याला मशिनचे वरचे भाग आणि दिवे दिसतात, कन्व्हेअरवर साचलेला माल दिसत नाही. खिडकी अडीच फुटांवर सुरू करा आणि लाइनच्या बाजूची जवळजवळ सगळी भिंत काचेची ठेवा. इन्चार्जला बसल्या जागेवरून अँडन बोर्ड (लाइनची स्थिती दाखवणारा दिव्यांचा फलक) आणि लाइनचं शेवटचं स्टेशन दिसत नसेल, तर केबिनवरचा खर्च निम्मा वाया गेला असं समजा.

एसीचं गणित सोपं आहे. शेडच्या आत ऊन लागत नाही, त्यामुळे पाच-सहा माणसांना दीड टन पुरतो. बाहेरच्या केबिनला पश्चिमेचं ऊन असेल तर दोन टन घ्या. आउटडोअर युनिट केबिनच्या छपरावर ठेवायचा मोह होतो, पण ठेवू नका. एक तर केबिनमधली सगळी उष्णता परत शॉपमध्येच फेकली जाते, आणि सीएनसीच्या कूलंटची वाफ व तेलाचे कण कॉइलच्या पात्यांवर चिकटून बसतात. त्यावर धूळ बसली की ऐन एप्रिलमध्ये एसी ट्रिप व्हायला लागतो. पाइप लांबला तरी चालेल, युनिट शेडच्या भिंतीबाहेर काढा आणि वाढीव लांबीसाठी लागणारा गॅस भरून घ्या. आतला फिल्टर तेलकट होतो, दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो. ड्रेन पाइपला शेवटपर्यंत उतार हवा. कुठे पोट पडलं की पाणी थेट टेबलावर.

स्प्लिट एसी ताजी हवा आत आणत नाही, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गॅस्केट लावून केबिन घट्ट केली की दुपारपर्यंत डोकं जड व्हायला लागतं आणि मग कुणीतरी दाराला बॉक्स लावून ते उघडं ठेवतं. माणशी 20 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) धरून सहा जणांना 120 सीएफएमचा, फिल्टर लावलेला हवा आत ढकलणारा पंखा लावला. बाहेर ओढणारा एक्झॉस्ट लावला असता तर प्रत्येक फटीतून शॉपची धूळ आत आली असती. आत किंचित दाब राहिला की धूळ बाहेरच थांबते.

तपासणीच्या अर्ध्या भागाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन वाढतं, पोलाद त्याच्या निम्मंच. शॉपमध्ये 37 अंश आणि केबिनमध्ये 25 असेल, तर 300 मिमीचा हाउसिंग आत आणल्यावर सुमारे 80 मायक्रॉन आकसतो. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 40 मायक्रॉनचा असेल तर आत येताच घेतलेल्या मापाला अर्थ नाही. म्हणून दाराजवळ जाळीचं रॅक ठेवलं, पार्ट तिथे पंख्याखाली थंड करायचे आणि मगच मोजायचे. पहिला पार्ट थंड होईपर्यंत लाइन थांबवणं परवडत नाही. तिथे त्याच धातूचा मास्टर, म्हणजे माप माहीत असलेला नमुना, मशिनशेजारी ठेवून कंपॅरेटरने त्याच्याशी पार्टचा फरक पाहायचा. सीएमएम (तिन्ही दिशांनी अचूक मापं घेणारं मशिन) अशा केबिनमध्ये बसवण्याचा विचार सोडून द्या. मापाचं प्रमाणित तापमान 20 अंश. ते दिवसभर टिकवणं आणि जमिनीतून येणारी कंपनं तोडणं या केबिनच्या आवाक्यातलं नाही.

विजेत दोन गोष्टी आवर्जून करा. पत्र्याची केबिन असल्यामुळे बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग आणि आत 30 मिलिॲम्पचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. पत्र्यातून वायफाय धड जात नाही, वॉकीटॉकीही अडखळतो. त्यामुळे लॅन केबल पॉवरपासून वेगळ्या पाइपमधून आणून ॲक्सेस पॉइंट आतच लावा. नवीन भोक पाडताना होल सॉ किंवा जिगसॉ वापरा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंग जळतो आणि कडेने गंज धरतो. पफ पॅनेलला ब्रॅकेट वेल्ड करायला कुणालाही परवानगी देऊ नका. आतला फोम पेटतो आणि त्याचा धूर आगीपेक्षा आधी माणसाला गाठतो. शेडच्या स्प्रिंकलरचं पाणी केबिनच्या छपराखाली पोचत नाही, म्हणून आत वेगळा स्मोक डिटेक्टर आणि समोरासमोर दुसरं दार हवंच.

बाहेरच्या केबिनची परीक्षा जूनमध्ये झाली. गळती छपराच्या मधल्या जोडातून आली. स्क्रूखालचे रबर वॉशर जास्त आवळल्याने फाटले होते आणि छपराला उतारच नव्हता. आता मागच्या बाजूला चार इंच उतार देऊन वर वेगळा पत्रा टाकला आहे. केबिन जमिनीपासून किमान सहा इंच उंच जोत्यावर ठेवा, नाहीतर खालचं चॅनेल पहिल्याच पावसाळ्यात गंजायला सुरुवात होते. फ्लोअरिंगला प्लायवूड नको, उंबऱ्याशी ते फुगतं. 18 मिमीचा सिमेंट बोर्ड आणि वर व्हिनाइल असं घ्या.

जागा ठरवताना ईओटी क्रेनच्या, म्हणजे डोक्यावरून रुळांवर फिरणाऱ्या विजेच्या क्रेनच्या, मालाचा मार्ग सोडा. छप्पर माणसाचं किंवा मालाचं वजन घ्यायला बनवलेलं नसतं, तिथे रिकामे क्रेटसुद्धा रचू देऊ नका. फोर्कलिफ्टकडच्या कोपऱ्यांना काँक्रीट भरलेल्या चार इंची पाइपचे बॉलर्ड, म्हणजे धक्का अडवणारे खांब, हवेत. नकाशात बदल होतो, त्यामुळे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे दिलेल्या लेआउटचं काय करायचं ते केबिन येण्याआधीच आर्किटेक्टला विचारा.

आता हलवण्याबद्दल. ‘कधीही उचला, कुठेही ठेवा’ हे विक्रेत्याचं वाक्य अर्धंच खरं आहे. दोन-सव्वादोन टनांची केबिन तीन टनी फोर्कलिफ्टवर सहज जाईल असं वाटतं. पण ती तीन टनांची क्षमता काट्यावर 500 मिमी अंतरावरच्या वजनाला असते. दहा फूट रुंद केबिनचं वजन पाच फुटांवर, म्हणजे 1500 मिमीवर पडतं, आणि तिथे क्षमता निम्म्यावर येते. मागची चाकं उचलली जातात. मोकळ्या जागेत हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) आणि चारही कोपऱ्यांच्या हुकना स्प्रेडर बीम, म्हणजे दोर फाकवून धरणारा आडवा बीम, वापरा; शेडमध्ये जॅक लावून खाली मशिन स्केट, म्हणजे चाकांची बुटकी ट्रॉली, सरकवा. लाइन वारंवार बदलत असेल तर वेल्ड केलेल्या डब्याऐवजी नट-बोल्टची, पॅनेल सुटी होणारी केबिन मागा आणि ऑर्डरमध्ये वाहतूक, हायड्रा, उतराई, अर्थिंग आणि दाराचं सील हे पाचही वेगळ्या ओळींत दर लिहून घ्या.