दहावीचं गणित: ऑनलाइन की क्लासला जाऊन?

कोरोनामुळे २०२१ साली दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही. २०२२ला ती परत सुरू झाली तेव्हा ऑनलाइन शिकण्यात मुलांची लिहायची सवय मोडली म्हणून ४० गुणांच्या पेपरला १५ मिनिटं वाढवून द्यावी लागली. आता क्लास निवडताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ऑनलाइनच्या बाजूने बोलायचं तर पुण्यात धायरी किंवा वाघोलीहून टिळक रस्त्यावर यायचं म्हणजे जाण्यायेण्यात संध्याकाळच संपते. तो वेळ वाचतो. भूमितीतलं प्रमेय रेकॉर्डिंगवर थांबवून पुन्हा पाहता येतं, आजारपणात तास बुडत नाही. समजावून सांगणं दोन्हीकडे सारखंच चांगलं होऊ शकतं.

अडतं ते वहीपाशी. दोन चलांतील समीकरणं सोडवताना वजा तीन वायमधून वजा पाच वाय वजा करायचे असतात. खालच्या ओळीतली चिन्हं बदलली की उत्तर अधिक दोन वाय. बरीच मुलं फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदलतात आणि वजा आठ वाय लिहून मोकळी होतात. वर्गात बाकांमधून फिरणारे सर तिथेच बोट ठेवतात. ऑनलाइनमध्ये सर विचारतात, ‘समजलं का?’, सगळे ‘हो सर’ टाइप करतात, आणि वहीचा फोटो रात्री जातो. तपासून येईपर्यंत त्याच चुकीने दहा गणितं सोडवून झालेली असतात. मग ती सवय मोडायला आठवडा जातो. आमच्या घरी क्लासचं पारडं जड झालं ते एवढ्याच कारणाने.

यावर उपाय नाही असं नाही. दुसरा फोन स्टँडला लावून वहीच्या वर साधारण दीड फुटावर धरायचा आणि त्याच मीटिंगला जोडायचा. त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. पण सहा-सात मुलांच्या पुढे इतक्या वह्या एका पडद्यावर कोणालाही वाचता येत नाहीत.

तुमचं मूल स्वतःहून उत्तर ताडून पाहणारं असेल तर ऑनलाइन पुरेल, कदाचित सोयीचंच पडेल. बाकीच्यांसाठी मी घरापासून चालत जाता येईल असा, वीसेक मुलांचा क्लास शोधायला सांगेन. नाव मोठं नसलं तरी चालेल. चौकशीला गेलात की एवढंच विचारा: मूल गणित सोडवत असताना वही कोण बघतं?