डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू: ड्रॉइंग उघडत नसेल तर आधी हे टाका

ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइली (डीडब्ल्यूजी) उघडून बघायचं ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू दादरच्या आमच्या ऑफिसात प्रत्येक मशीनवर आहे आणि इंटिरियर किंवा रिडेव्हलपमेंटच्या कामात असलेल्या सगळ्यांना मी ते टाकून घ्यायला सांगते, कारण मुंबईत एकाच बिल्डिंगच्या कामात आर्किटेक्ट नव्या व्हर्जनवर, स्ट्रक्चरलवाले त्याच्या मागच्यावर आणि साइटवर कॉन्ट्रॅक्टरच्या लॅपटॉपवर ऑटोकॅड २०१०, असं सर्रास असतं. मग ड्रॉइंग फाइल इज नॉट व्हॅलिड असा मेसेज येतो आणि सगळ्यांना वाटतं फाइल करप्ट झाली, परत मेल करा, पेनड्राइव्हवर द्या. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते, फक्त नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह झालेली असते.

कुठल्या ते बघायला ट्रूव्ह्यूसुद्धा लागत नाही. फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा, बाकी सगळा कचरा दिसेल तो सोडा, अगदी सुरुवातीची सहा अक्षरं वाचा. एसी आणि पुढे १०३२ असेल तर २०१८ चा फॉरमॅट, १०२७ म्हणजे २०१३, १०२४ म्हणजे २०१०, १०२१ म्हणजे २००७, १०१८ म्हणजे २००४, १०१५ म्हणजे २०००. सीएनसी कटिंगवाल्याला डीएक्सएफ, म्हणजे ड्रॉइंगची टेक्स्टमधली फाइल, देत असाल तर त्यातही वरच्याच भागात एसीएडीव्हर लिहिलेलं असतं, त्याच्याखाली हाच कोड.

पण हा नंबर फॉरमॅटचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही. २०१३ चा फॉरमॅट ऑटोकॅड २०१७ पर्यंत चालला, २०१८ चा तर २०२५ मध्येही तोच, शिवाय नव्या ऑटोकॅडवाला सेव्ह अ‍ॅज करून २०१० मध्ये देऊ शकतो आणि ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड ही दुसऱ्या कंपन्यांची कॅड सॉफ्टवेअरपण हेच कोड लिहितात. म्हणजे फाइल नक्की कुठल्या वर्षीच्या सॉफ्टवेअरमध्ये बनली हे यातून कळत नाही, माझ्याकडे उघडेल का हे मात्र पक्कं कळतं, आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी तेवढंच हवं असतं.

आता ट्रूव्ह्यू. फुकट आहे, लायसन्स लागत नाही, आणि डीडब्ल्यूजी कन्व्हर्टमध्ये ढीगभर फाइली एकदम टाकून जुन्या फॉरमॅटमध्ये करता येतात, मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. कन्व्हर्टच्या सेटअपमध्ये ओव्हरराइट न ठेवता वेगळा फोल्डर निवडा, म्हणजे ओरिजिनल फाइली सेफ राहतात, आणि बाइंड एक्सरेफ्स (जोडलेली दुसरी ड्रॉइंग याच फाइलमध्ये घेणं) बघून घ्या, नाहीतर साइटवर नुसता कॉलम लेआउट दिसतो आणि बाकीचा प्लॅन गायब. उघडून बघा, मोजमाप घ्या, प्रिंट काढा, सगळं होतं.

एडिट मात्र होत नाही, एक लाइनसुद्धा नाही. डाउनलोड मोठं आहे, साइटवरच्या मोबाइल नेटवर करायच्या भानगडीत पडू नका. फक्त विंडोजवर चालतं, मॅकवाल्यांना ब्राउझरमधला ऑटोडेस्क व्ह्यूअर आहे पण त्यात फाइल जुन्या फॉरमॅटमध्ये करता येत नाही. आणि समोरच्याने ऑटोकॅड आर्किटेक्चरमधल्या रेडी भिंती-दरवाजे वापरले असतील तर नुसतं व्हर्जन खाली आणून भागत नाही, त्यांनाच एक्सपोर्ट टू ऑटोकॅड करून पाठवायला सांगा.