मेरी बर्गिन यांचा ‘फ्यादोगा स्ताइन’: टिनच्या बासरीचा कस

आयरिश परंपरेतील टिन व्हिसल ही सहा छिद्रांची स्वस्त बासरी बहुधा मुलांच्या हाती पहिले वाद्य म्हणून दिली जाते. पण 1979 साली गेल-लिन संस्थेने काढलेला मेरी बर्गिन यांचा हा ध्वनिसंग्रह ऐकताना तो समज टिकत नाही. ‘रील’ या द्रुत लयीच्या नृत्यधुनेमध्येही प्रत्येक स्वर सुटा व स्वच्छ ऐकू येतो, आणि जिभेच्या आघातांनी व बोटांच्या झटक्यांनी घडवलेले अलंकार चालीवर कुरघोडी करीत नाहीत, हे मला या वादनाचे खरे मोल वाटते. ॲलेक फिन यांची बुझुकी, म्हणजे लांब मानेचे तंतुवाद्य, आणि जॉनी मॅकडोना यांचा बॉरॉन, म्हणजे कातडी मढवलेला हातातला डफ, साथीची मर्यादा ओळखून वाजतात. सलग ऐकल्यास वेग किंचित थकवतो, म्हणून दोन बैठकी कराव्यात.

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील किलरश येथे मद्यगृह चालवीत कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरायची छोटी भात्याची पेटी, वाजवणाऱ्या एलिझाबेथ क्रॉटी (निधन 1960) यांच्यासारख्या स्त्रियांचे वादन प्रामुख्याने नभोवाणीमुळे दूरवर पोहोचले. बर्गिन यांच्या वाट्याला मात्र स्वतःच्या नावाचा संपूर्ण संग्रह आला, आणि व्हिसल शिकणाऱ्याने तो प्रथम घ्यावा.