आधी फोटो एडिटिंग की आधी वेब डिझाइन?

"मावशी, या सुट्टीत एकच काहीतरी नीट शिकेन म्हणते. फोटो एडिटिंग धरू की वेबसाइट बनवायला शिकू?" भाचीनं विचारलं तेव्हा मी चहा टाकत होते. उभ्या उभ्या जे उत्तर दिलं, ते मलाच अर्धवट वाटलं. मी या दोन्ही गोष्टी क्लास न लावता, नोकरी सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर शिकले. म्हणून याच प्रश्नापाशी अडलेल्यांसाठी सविस्तर लिहिते आहे. नोकरीसाठी शिकणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. हे हौसेनं शिकणाऱ्यांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरात जुन्या फोटोंची पेटी असेल, तर फोटोपासून सुरुवात करा. लिहून ठेवलेलं काही असेल, म्हणजे आईच्या पाककृती, गडावरच्या भटकंतीच्या नोंदी, गावाची माहिती, तर वेबपासून करा. दोन्ही नसेल तरी वेबपासूनच करा.

त्याचं कारण असं, की एकट्यानं शिकणाऱ्याला चूक दाखवणारं जवळ कोणी नसतं. वेबमध्ये चूक बऱ्यापैकी स्वतःच समोर येते. कंस बंद करायचा राहिला, की पानाची मांडणी विस्कटते. एफ१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली, की दिसण्याचा कुठला नियम लागू झाला आणि कुठला खोडला गेला, ते ओळीनिशी दिसतं. एखादं पान आवडलं, तर त्याचा सोर्स उघडून ते कसं बांधलंय ते वाचता येतं. फोटोचं तसं नाही. तयार फोटो पाहून त्यामागे कोणते लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, होते, कुठे किती हात फिरला, ते कळत नाही. बरं, फोटो 'चुकला' असं संगणक कधी सांगत नाही. ते डोळ्यालाच कळावं लागतं, आणि डोळा तयार व्हायला वेळ लागतो.

पण तो तयार होतो तेव्हाचा आनंद मी दुसऱ्या कशात अनुभवलेला नाही. आजीचा एक फोटो होता, नऊवारीतला. मधोमध घडी पडलेली. घडीची पांढरी रेघ कपाळावरून निघून पदराच्या काठापर्यंत गेलेली. कपाळ हील टूलनं दहा मिनिटांत साफ झालं, कारण हे साधन एका जागचा पोत उचलतं आणि आजूबाजूच्या रंगाशी, उजेडाशी जुळवून घेतं. त्वचेला ते फार छान बसतं. तेच मी काठावर वापरलं आणि नक्षीचा चिखल झाला. काठाला क्लोन टूल लागतं, म्हणजे जसंच्या तसं उचलून दुसरीकडे ठेवणारं. त्यातही नक्षीचा एक भाग संपून दुसरा कुठे सुरू होतो ते मोजून, बरोबर त्याच ठिकाणावरून उचलावं लागतं. एका वितीच्या काठाला मला तीन रात्री लागल्या. त्यानंतर मात्र कुठलाही फोटो हातात आला, की इथे हील लागेल आणि इथे क्लोन, हे न ठरवता कळायला लागलं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी पाळा, मला ती नुकसान होऊन कळली. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. मी सुरुवातीला स्कॅनवरच काम करून त्याच नावानं जेपीईजी सेव्ह करत गेले. या प्रकारात दर वेळी सेव्ह करताना थोडी माहिती कायमची जाते. दोन फोटोंचं मूळ रूप माझ्याकडे आता नाही, आणि त्यातला एक कागदी फोटोही पुढे वाळवीनं गेला. छोटा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपक्यांनी, स्कॅन करून टिफ या माहिती न गमावणाऱ्या प्रकारात वेगळा ठेवा आणि काम कॉपीवर करा.

आता साधनं. फोटोशॉप १९९० साली आलं आणि आजही या कामातली सगळ्यात पक्की अवजारपेटी तीच आहे. पण २०१३ पासून ते बनवणाऱ्या अडोबीनं नव्या आवृत्त्या वर्गणीवरच द्यायला सुरुवात केली. महिन्यातून दोनदा संगणकापुढे बसणाऱ्या हौशी माणसाला ती वर्गणी जड जाते. गिंप फुकट आहे. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आहे. पूर्वी त्याच्यावर रास्त आक्षेप होता, की एकदा लावलेला फिल्टर नंतर बदलता येत नाही. २०२५ च्या ३.० आवृत्तीनं तो बराचसा दूर केला आहे. गिंपची एक शिस्त तर मला मनापासून आवडते: 'सेव्ह' केलं की फाइल लेयरसकट त्याच्या स्वतःच्या प्रकारात राहते, आणि जेपीईजी हवं असेल तर वेगळं 'एक्स्पोर्ट' करावं लागतं. माझे ते दोन फोटो एवढ्या एका सवयीनं वाचले असते.

तिसरा पर्याय फोटोपी. तो ब्राउझरमध्येच चालतो, काही बसवावं लागत नाही, फोटोशॉपच्या फाइली उघडतो आणि चेहरामोहराही फोटोशॉपसारखाच आहे. फाइल तुमच्याच संगणकावर राहते, त्यामुळे घरचे फोटो बाहेर जाण्याची भीती नाही. जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. शिकायला कुठलं घेऊ म्हणाल तर पहिला महिना फोटोपी, आवड टिकली तर गिंप. लेयर, मास्क (फोटोचा हवा तेवढाच भाग उघडा ठेवणारा पडदा) आणि कर्व्ह (उजेड-सावली कमीजास्त करणारी रेघ) या तीन गोष्टी हातात बसल्या, की अवजार बदललं तरी कौशल्य सोबत येतं.

फोटोवर मराठी अक्षरं टाकायची असतील, तर गिंपमध्ये युनिकोड फॉन्ट घेतला की जोडाक्षरं नीट जुळतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत मात्र टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय आधी निवडावा लागतो, नाहीतर वेलांटी भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. कित्येक जण इथेच वैतागून थांबतात.

एआयनं एका क्लिकमध्ये फोटो दुरुस्त होतो, मग शिकायचं कशाला, असंही भाचीनं विचारलं. पार्श्वभूमीतली भिंत, आभाळ यांना ते जरूर वापरावं. चेहऱ्याला वापरू नये. फाटलेल्या जागी ते नवा डोळा, नवा ओठ रचतं. तो सुंदर असतो, पण तो आजीचा नसतो.

वेबकडे वळते. इथे निवड दोन वाटांमध्ये आहे: वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवायची तयार व्यवस्था, किंवा हातानं लिहिलेलं एचटीएमएल (पानात काय आहे ते सांगणारी भाषा) आणि सीएसएस (ते कसं दिसावं ते सांगणारी). वर्डप्रेस २००३ पासून आहे आणि जगातल्या फार मोठ्या संख्येनं साइट त्यावर चालतात. दर आठवड्याला नवं लिहिणार असाल, तर तेच घ्या. पण त्यात थीम (साइटचं तयार रूप), प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी), अपडेट यांची निगा सतत राखावी लागते. सहा महिने लक्ष दिलं नाही, तर साइट हॅक व्हायचा धोका वाढतो. आणि मुख्य म्हणजे थीमची बटणं फिरवून डिझाइन येत नाही.

हातानं लिहायला नोटपॅड पुरतं. फाइलला शेवटी .html असलेलं नाव द्यायचं, डबल क्लिक करायचं, की पान समोर. इंटरनेटही लागत नाही. एमडीएन ही वेबच्या भाषांची संदर्भ-साइट हाताशी ठेवली, तर वेगळं पुस्तक लागत नाही, फक्त जुजबी इंग्रजी लागतं. साधं पान गिटहब पेजेस या सेवेवर इंटरनेटवर फुकट ठेवता येतं. नव्वदच्या दशकातली साधी एचटीएमएल पानं आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात. घरचा ठेवा जपायचा असेल, तर हा टिकाऊपणा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मराठी पान करणाऱ्याला इंग्रजी धड्यांत न सापडणाऱ्या तीन गोष्टी सांगते. मथळा देखणा दिसावा म्हणून मी सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग वाढवलं होतं. रोमन अक्षरांना ते शोभतं. मराठीत शिरोरेघ तुटली आणि शब्दाचे तुकडे झाले. ते शून्यच ठेवा. दुसरं, ओळींमधलं अंतर. इंग्रजी धडे अक्षराच्या मापाच्या १.४ पट वगैरे सांगतात. आपल्याकडे वर मात्रा-रफार, खाली उकार-ऋकार. १.७ च्या आसपास ठेवलं, तरच ओळी एकमेकींत घुसत नाहीत.

तिसरी गोष्ट माझी सगळ्यात लाडकी. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा 'mr' (एमआर), म्हणजे मराठी, अशी नोंदवा. मग नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये हिंदी वळणाच्या दंडाच्या ल ऐवजी आपला पाकळीचा ल येतो आणि गाठीच्या श ऐवजी शेंडीचा श. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात; भाषा सांगितली नाही, तर मराठी वळण झाकलेलंच राहतं. टिरो देवनागरीची तर मराठीसाठी वेगळीच आवृत्ती गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळते. मी ती दोन अक्षरं लिहून पान रिफ्रेश केलं आणि पानभर ल बदलले, तेव्हा शाळेच्या पुस्तकातलं अक्षर समोर आल्यासारखं वाटलं.

एक शिकताना दुसऱ्याचं काम थोडं लागतंच. मोबाइलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच पानावर टाकला, तर गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडता उघडत नाही. १६०० पिक्सेलला आणून नीट एक्स्पोर्ट केला, की तो काहीशे केबीत बसतो. उलट छपाईला पिक्सेल जास्त लागतात: चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयनं १२०० बाय १८००. वेबसाठी लहान केलेली प्रत फोटो स्टुडिओत देऊ नका.

भाचीनं वेब धरलं. तिच्या आजीची लोणची-मसाल्यांची वही आहे, तेलाचे डाग पडलेली, काही पानांवरची शाई पसरलेली. पहिलं पान कैरीच्या लोणच्याचं झालं. परवा तिचा मेसेज आला, "मावशी, 'लोणचं' मधला ल बघ." पाकळीचा होता. आता वहीच्या पानाचा फोटो शेजारी टाकायचाय, त्यावरचा डाग काढायचा की ठेवायचा, असं ती विचारतेय. मी ठेव म्हटलं.