भिंतीसाठी केंटे घ्यावं की बोगोलान?

आफ्रिकेतलं हातमागाचं कापड दिवाणखान्यात लावायचं म्हटलं की शोध बहुधा दोन नावांवर येऊन थांबतो: घानाचं केंटे आणि मालीचं बोगोलान. दोन्ही अरुंद पट्ट्या विणून, शेजारी शेजारी शिवून बनतात. साम्य तिथंच संपतं.

केंट्याची नक्षी मागावरच उतरते. घानातल्या कुमासी शहराजवळच्या बोनवायर गावात चारेक इंच रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि पुरुषाच्या पूर्ण वस्त्राला तशा वीसेक लागतात. 2024 मध्ये ही कला युनेस्कोच्या यादीत आली. पण हे घानातल्या अशांती (असांते) समाजाच्या राजांच्या अंगावरचं वस्त्र. त्या पिवळ्या-लाल-हिरव्याला हलत्या खांद्यावरच शोभा. सबंध वस्त्र भिंतीवर ताणलं तर खोलीतलं दुसरं काही दिसतच नाही. भरजरी पैठणी खिळ्याला टांगावी, तसं काहीसं. एखादी सुटी पट्टी चौकटीत बसवली तर मात्र झकास.

बोगोलानमधला 'बोगो' म्हणजे चिखल. कापड आधी एका झाडाच्या पानांच्या काढ्यात पिवळं करतात. हे झाड आपल्या धावड्याच्या जातकुळीतलं. मग महिनोन्‌महिने आंबवलेला चिखल लावतात. चिखलातलं लोह आणि पानांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भेटलं की काळा रंग बसतो. आपल्याकडे हिरडा आणि लोखंडाची काळी शाई होते, तेच रसायन. गंमत म्हणजे पारंपरिक कामात बाई पांढरी नक्षी काढतच नाही. ती नक्षीभोवतीची जागा काळी करत जाते आणि राहिलेला पिवळा भाग शेवटी कॉस्टिक सोड्याच्या लेपाने उडवते. म्हणून जवळून पाहिलं तर एकाच ओळीतल्या दोन रेघा कधी सारख्या जाडीच्या नसतात. साच्याने छापलेल्या स्वस्त मालात हा वाकडेपणा नाहीसा होतो.

पारख करायची तर केंटे उलटून बघा. छापील कापड मागून फिकट असतं आणि त्याला पट्ट्यांचे जोडही नसतात. बोगोलानला पाठ फिकट असल्याचा दोष देऊ नका, चिखल एकाच बाजूने लावतात. तिथं जोड चाचपा आणि ओला पांढरा रुमाल काळ्यावर घासून रंग सुटतो का ते बघा. मी हे न करता ऑनलाइन उशीचे अभ्रे मागवले आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर माली उमटलं.

मोठ्या भिंतीला मी बोगोलानच घेईन. वरच्या काठाला नेफा शिवून लाकडी दांडी ओवायची, समोरचं ऊन टाळायचं आणि धुवायच्या भानगडीत न पडता नुसतं झटकायचं.